सहाव्या मजल्याचं बटण

आमची पहिली भेट म्हणजे भांडण. तेही एकतर्फी. भांडत मी होते आणि तो शीळ घालत होता.

शनिवारची दुपार. एका हातात कॉम्प्युटरचा डबा, काखेत कीबोर्ड, खांद्यावर वायरींची पिशवी अशा अवतारात मी जिना चढत होते. माझं दुरुस्तीचं दुकान चौथ्या मजल्यावर आहे. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या दोन खोल्यांत आत्या आणि मी. एरवी लिफ्ट असते म्हणून गिऱ्हाईक चौथ्या मजल्यापर्यंत येतं तरी. पण लिफ्ट पाच दिवस बंद होती, आणि त्या पाच दिवसांत माझ्याकडे कुत्रंही फिरकलं नव्हतं.

दुसऱ्या मजल्यावर लिफ्टचं दार सताड उघडं. समोर पिवळा अडथळा लावलेला, आणि आत मान घालून एक माणूस निवांतपणे शीळ घालत कसलासा स्क्रू पिळत होता. मग काय, माझं डोकंच सटकलं!

"अहो लिफ्टवाले! पाच दिवस झाले, पाच! आत लिफ्ट दुरुस्त करताय की नवीन बनवताय? वर माझी आत्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन बसलीये, मंगळवारी तिला डॉक्टरकडे न्यायचंय. खांद्यावर घेऊन जाऊ का तिला? आणि वर शीळ काय घालताय!"

त्याने मान बाहेर काढली. कपाळावर ग्रीसचा ओरखडा. डोळे मात्र असे शांत, की आपण कुणावर ओरडतोय तेच विसरायला व्हावं. मी विसरले नाही, ही गोष्ट वेगळी.

"मॅडम," तो म्हणाला, "पुढची तिसरी पायरी फुटलीये. सांभाळून."

"मला माहीत आहे! याच इमारतीत लहानाची मोठी झालेय मी!"

असं ठणकावून मी पाऊल टाकलं, आणि नेमकी त्याच तिसऱ्या पायरीवर अडखळले. तो झेपावला. आणि त्याने डबा पकडला. मला नाही हं, डबा! मी कठड्याला धरून कशीबशी सावरले, आणि हा डबा दोन्ही हातांनी छातीशी धरून उभा.

"आत हार्ड डिस्क असेल ना," तो म्हणाला. "म्हणून..."

खरं सांगू? त्या क्षणी तो मला थोडासा आवडला. थोडासाच. डबा त्याच्या हातातून हिसकावून घेऊन मी तरातरा वर गेले.

सोमवारी सकाळी तो दुकानाच्या दारात. कपाळ स्वच्छ, शर्ट इस्त्रीचा, बगलेत लॅपटॉप.

"लिफ्टचं काम झालंय," तो म्हणाला. "पण वर मोटरच्या खोलीत जो कंट्रोलर आहे ना, त्याला लॅपटॉप जोडून जुना बिघाड पुसायला लागतो. त्याशिवाय ती जागची हलणार नाही. आणि हा..."

त्याने लॅपटॉप माझ्यासमोर उघडला. काळाकुट्ट पडदा, वरच्या कोपऱ्यात इंग्रजीत एक ओळ, आणि पुढे लुकलुकणारी एक रेघ. बास. दाबा काहीही, ढिम्म.

"कंपनीचा दुसरा लॅपटॉप?"

"छोटी कंपनी आहे हो. लॅपटॉप ज्याचा त्याचा."

आतून आत्याचा आवाज आला, "कोण आलंय गं?"

"लिफ्टवाले!"

"आधी लिफ्ट कर म्हणावं! मग बाकीच्या गप्पा!"

तो हसला. हसताना खाली बघायची त्याला सवय होती. मी स्टूल सरकवलं आणि माझी वही उघडली. प्रत्येक गिऱ्हाइकाचा फोन नंबर, मशीन आणि तक्रार, तिन्ही मी लिहून घेते. त्याने नंबर सांगितला, मी लिहिला.

"तक्रार?"

"काल एक... म्हणजे यात दोन ऑपरेटिंग सिस्टीम होत्या. एक माझी. दुसरी काल मी काढून टाकली. आज सकाळी चालू केला तर हे."

"काढून टाकली म्हणजे कशी? तिचा डिस्कवरचा भाग सरळ डिलीट केलात?"

"हो. एका क्लिकमध्ये गेला."

"तो जाणारच. पण मशीन चालू झाल्या झाल्या एक छोटा प्रोग्राम आधी जागा होतो आणि ठरवतो, की आता कुठल्या सिस्टीममध्ये जायचं. तो त्या दुसऱ्या सिस्टीमने आणला होता. तिला काढलंत, त्याला ठेवलंत. तो बिचारा अजून तिलाच शोधतोय."

त्याने क्षणभर विचार केला. "म्हणजे लिफ्टमध्ये सहाव्या मजल्याचं बटण आहे, आणि इमारत पाचच मजली."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. सात वर्षं हे दुकान चालवतेय मी, गिऱ्हाइकाने मलाच इतकं चोख समजावून सांगितल्याचं आठवत नाही.

"अगदी तसंच," मी म्हटलं. "आणि चालू झाल्याबरोबर लिफ्ट आपणहून सहाव्यालाच निघते, ही आणखी पंचाईत."

मी लॅपटॉप बंद करून परत चालू केला आणि सुरुवातीलाच एक बटण धरून यादी उघडली. यादीत दोन नावं. वर त्या गेलेल्या सिस्टीमचं, खाली त्याच्या सिस्टीमचं. खालचं निवडलं आणि लॅपटॉप गुमान उघडला. त्याचा श्वास मोकळा झालेला मला ऐकू आला.

"झालं?"

"छे! ही तात्पुरती सोय. उद्या सकाळी चालू कराल, परत काळा पडदा. बटण उखडून काढायचंय." मी डिस्कवरचा तो छोटासा, एरवी न दिसणारा कप्पा उघडला. आत मोजकेच फोल्डर. "हा तुमच्या सिस्टीमचा, याला धक्काही लावायचा नाही. आणि हा तिचा. तारीख बघा, अडीच वर्षांपूर्वीची."

खिडकीतून ऊन टेबलावर आलं होतं, आणि तो त्या उन्हात बोट ठेवून ते मागेपुढे करत बसला होता.

मी फोल्डरची नक्कल पेनड्राइव्हवर घेतली, पुसायची आज्ञा टाइप केली, आणि लॅपटॉप त्याच्याकडे फिरवला.

"एंटर तुम्ही दाबा."

"मी?"

"माझ्या दुकानाचा नियम आहे. पुसण्याआधी नक्कल घ्यायची, आणि पुसायचं बटण मालकाच्याच हाताने. एक बाई एकदा म्हणाल्या, सगळं पुसून टाका. मी टाकलं. दोन दिवसांनी रडत आल्या. तेव्हापासून मी कुणाचं काही स्वतः पुसत नाही. एंटर दाबायच्या आधी काय पुसताय ते मोठ्याने सांगायचं, ही आणखी एक अट."

"मोठ्याने?"

"मोठ्याने."

"आम्ही लग्न करणार होतो," तो म्हणाला. "लॅपटॉप दोघांत एकच होता. तिच्या कामाला वेगळी सिस्टीम लागायची, तिने टाकून घेतली. मग तिला परदेशात नोकरी लागली, आणि आमचं... भांडण वगैरे नाही, नुसतं संपलं. दोन वर्षं झाली. पण रोज सकाळी चालू केला की यादी यायची. वर तिची सिस्टीम, खाली माझी, आणि दहा सेकंद. दहा सेकंदांत काही निवडलं नाही तर आपोआप तिचीच उघडायची."

"आणि तुम्ही?"

"बऱ्याचदा... नुसता बघत बसायचो. तिची उघडायची, मग बंद करून पुन्हा चालू करायचो."

"दोन वर्षं?"

"दोन वर्षं."

अगं बाई! मला हसावं की रडावं कळेना. पण मी हसले नाही, कारण तो मान वर करून सरळ माझ्याकडे बघत होता.

"हा फोल्डर तिच्या सिस्टीमचा आहे," तो ठामपणे म्हणाला, "आणि मला तो नकोय." त्याने एंटर दाबला.

मग यादीतलं वरचं नावही त्याच्याकडूनच काढून घेतलं. लॅपटॉप बंद केला, चालू केला. यादी नाही, दहा सेकंद नाहीत, सरळ त्याची सिस्टीम. अर्ध्या तासाने लिफ्टचा तो ओळखीचा घरघराट ऐकू आला आणि आत्याने आतूनच टाळ्या वाजवल्या.

लिफ्ट सुरू झाली म्हणजे लिफ्टवाल्याचं काम संपलं, असं तुम्हाला वाटेल. मलाही तसंच वाटलं होतं. पण मंगळवारी आत्याला खाली न्यायला तो स्वतः लिफ्टमध्ये उभा. "पहिल्या फेऱ्यांना लक्ष ठेवावं लागतं," म्हणाला. बुधवारी दाराचा आवाज तपासायला आला. आवाज चौथ्या मजल्यावरच येतो म्हणे! गुरुवारी तर काही कारण न सांगताच आला आणि आत्याने केलेला चहा पिऊन गेला.

"काय गं ठमे," आत्या मला म्हणाली. ठमाबाई हे तिने मी तीन वर्षांची असताना ठेवलेलं नाव, काही केल्या सोडत नाही. "इतकी वर्षं लिफ्ट आहे आपल्याकडे. तिला एवढं तेलपाणी कुणी केलेलं मी पाहिलं नाही."

"आत्या, गप गं."

"मी गप्पच आहे. तो गप्प आहे. तूच काय ती बडबडतेस."

तिचं खरं होतं. आम्ही बोलायचो, भरपूर बोलायचो. मी त्याला चिडवायचे, तो खाली बघून हसायचा आणि असं काही पुटपुटायचा की मी दहा मिनिटं हसत राहायचे. एकदा मी विचारलं, "इमारत न बघता नुसत्या लिफ्टवरून माणसं ओळखता येतात का हो?" तर म्हणाला, "येतात. चौथ्या मजल्याचं बटण सगळ्यात जास्त झिजलंय. कुणीतरी दर वेळी पाच-पाचदा दाबतं." मी! मीच दाबते! लाजेने मेले अगदी.

पण गुरुवारी चहा पिता पिता तो सहज बोलून गेला, की त्यांच्या कंपनीचं या इमारतीचं कंत्राट शनिवारी संपतंय. दुसरी कंपनी आलीये. पाच वाजता कागदपत्रं त्यांच्या ताब्यात दिली, की संपलं.

"मग?" मी विचारलं.

"मग... दुसरी इमारत." आणि कप ठेवून तो उठला.

आता तुम्ही म्हणाल, वहीत नंबर होता ना, करायचा होतास फोन. मला काय फोन करायची भीती वाटते? मी कुणाला घाबरत नाही. शुक्रवारी तीनदा वही उघडली आणि तीनदा मिटली. मला तो आवडत होता, थोडासा वगैरे नाही, चांगला घसघशीत आवडत होता. पण या माणसाने दोन वर्षं रोज सकाळी दहा सेकंद नुसते जाऊ दिले होते. मी फोन केला असता तर तो आला असता, नक्की आला असता. समोर जे आपोआप उघडेल त्यात तो जाणारच. मला आपोआप उघडायचं नव्हतं. मला कुणीतरी निवडायला हवं होतं. म्हणून मी मन घट्ट करून गप्प बसले. शुक्रवारी तो आलाच नाही. दिवसभर लिफ्टचं दार वाजलं की माझी मान वर. शेवटी आत्या म्हणाली, "मान अवघडेल गं."

शनिवार उजाडला. सकाळ गेली, दुपार गेली. चार वाजता लिफ्ट चौथ्यावर थांबली आणि दारात तो. बगलेत लॅपटॉप.

"पुन्हा तसंच झालंय," तो म्हणाला.

मी लॅपटॉप उघडला. काळाकुट्ट पडदा, वर एक ओळ, लुकलुकणारी रेघ.

माझं काम चुकलं? सात वर्षांत असं बटण अर्धवट उखडून मी कुणाला परत पाठवलेलं नाही! मी पटापट यादी उघडली. वरचं नाव परत तिथे होतं. छोटा कप्पा उघडला. फोल्डर परत तिथे होता. डोकं चालेना. पुसलेला फोल्डर काय भूत होऊन येतो?

मग मी तारीख बघितली.

अडीच वर्षांपूर्वीची नव्हती. कालची होती. संध्याकाळी सहा वाजून चाळीस मिनिटं.

मी हळूच मान वळवली. तो खिडकीबाहेर बघत होता, जणू समोरच्या गच्चीवर वाळणाऱ्या चादरींचं त्याला फार कौतुक. कान मात्र लालबुंद.

"लिफ्टवाले," मी म्हटलं, "ही सिस्टीम काल संध्याकाळी टाकलीये."

"हो का?"

"आणि टाकून लगेच अर्धवट काढलीये. जशी रविवारी काढली होती, अगदी तश्शी. चूकसुद्धा जशीच्या तशी."

"लक्षात ठेवून केली," तो म्हणाला.

"केवढा वेळ लागला?"

"चार तास. डाउनलोडच होईना आधी. मग कुठेतरी चुकलं, परत पहिल्यापासून. सिस्टीम टाकायची मला कुठे माहिती? म्हणून काल येता आलं नाही."

"आज पाच वाजता तुमची कागदपत्रं द्यायचीत! ती या मशीनमध्ये! काही वेडंवाकडं झालं असतं म्हणजे?"

त्याने खिशातून पेनड्राइव्ह काढून टेबलावर ठेवला. "पुसण्याआधी नक्कल. तुम्हीच सांगितलं होतं."

माझ्या हातून हसू निसटायला लागलं होतं, पण मी ते घट्ट धरून ठेवलं. "अहो, पण माझा फोन नंबर नुसता मागितला असतात तर?"

"ते अवघड होतं," तो म्हणाला. "हे सोपं होतं."

आता मात्र मला राहवेना. मी खो-खो हसले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. आतून आत्याने विचारलं, "काय झालं गं?" आणि उत्तराची वाट न बघता आतलं दार ओढून घेतलं. तिने दार लावून घेतलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

मी डोळे पुसले. पुसायची आज्ञा टाइप केली आणि लॅपटॉप त्याच्याकडे फिरवला.

"नियम माहीत आहे. काय पुसताय ते मोठ्याने सांगायचं."

"हे बटण," तो म्हणाला. "इथे यायला मी मुद्दाम लावलेलं." बोट एंटरवर होतं, पण त्याने दाबलं नाही. "एक विचारू?"

"विचारा. दहा सेकंद आहेत."

"दहा?"

"नऊ."

तो खुर्चीत ताठ बसला. खाली बघितलं नाही, खिडकीबाहेर बघितलं नाही, उन्हात बोट फिरवलं नाही.

"आठ," मी म्हटलं.

"मला तुम्ही आवडता," तो म्हणाला. "लिफ्ट चालू असो की बंद. कंत्राट असो की नसो. मला रोज इथे यायचंय, आणि त्यासाठी काही बिघडायला लागू नये असं वाटतं."

सात माझ्या तोंडून निघालाच नाही.

"दोन वर्षं यादीकडे बघत बसलात," मी शेवटी विचारलं, "मग त्याच रविवारी अचानक ती सिस्टीम का काढलीत?"

"शनिवारी तुम्ही माझ्यावर ओरडला होतात ना जिन्यात?"

"हो... मग?"

"रविवारी सकाळी लॅपटॉप चालू केला. यादी आली. दहा सेकंद सुरू झाले, आणि मला तुमचा आवाज ऐकू आला. पाच दिवस झाले, पाच! म्हटलं, अरे, आपली तर दोन वर्षं झाली."

बाई गं... ओरडणं माझं, आणि त्या ओरडण्याने या माणसाची अडकलेली दोन वर्षं हलवली. माझ्या ओरडण्याची आईने धास्ती घेतली, आत्याने कानात बोटं घातली, गिऱ्हाइकं पळाली. कुणाला ते उपयोगी पडल्याचं मी पहिल्यांदाच ऐकत होते.

"तुमचा नंबर माझ्या वहीत सोमवारपासून आहे," मी म्हटलं. "काल तीनदा काढला."

"मग केला का नाहीत?"

"तू निवडतोस का ते बघायचं होतं."

तोंडून तू निघून गेलं आणि मी ते परत घेतलं नाही. त्याने माझ्याकडे बघत, कीबोर्डकडे न बघताच, एंटर दाबला.

यादीतलं नाव काढायचं राहिलं होतं, तेही काढलं. लॅपटॉप बंद करून चालू केला. दोघं शेजारी शेजारी बसून बघत राहिलो. सरळ उघडला. पाचला वीस कमी होते.

"कागदपत्रं द्यायला खाली जायचंय," तो म्हणाला. "येतेस?"

"चल."

लिफ्ट चौथ्या मजल्यावरच उभी होती, दार उघडं, आतला दिवा लख्ख. एकही खोट नसलेली, त्याने आठवडाभर तेलपाणी केलेली लिफ्ट. त्याने तिच्याकडे बघितलं, मी तिच्याकडे बघितलं, आणि आम्ही जिन्याकडे वळलो. जिन्याला जास्त वेळ लागतो.

तिसरा मजला ओलांडला आणि तो एकदम थांबला.

"ती फुटकी पायरी आली. सांभाळून."

मी याच इमारतीत लहानाची मोठी झालेय. कुठली पायरी फुटलीये, कुठला कठडा डुगडुगतो, डोळे मिटून सांगेन. तसं मी त्याला एकदा ठणकावून सांगितलंही होतं. या खेपेला सांगितलं नाही. त्याचा एक हात रिकामा होता. लॅपटॉप दुसऱ्या बगलेत होता, आणि या खेपेला त्याने तो नव्हे, माझा हात धरला.